एकाहत्तरावी फांदी

ग्रोहोल्म बेटावर संगणक आला तो मासळीच्या खोक्यातून. नगरपालिकेने नोव्हेंबरात दोन यंत्रं पाठवली होती. बोटीत त्यांचे पुठ्ठे भिजून लगदा झाला, म्हणून हिल्डिंगने ती हेरिंगच्या लाकडी खोक्यांत घातली आणि ढकलगाडीवरून वाचनालयात आणली. पुढे महिनाभर त्यातल्या एका यंत्राला खारवलेल्या मासळीचा वास येत होता.

वाचनालय मी सांभाळते. त्याआधी, तरुणपणी, इथल्याच टेलिफोन केंद्रात होते. डोक्याला हेडफोन, समोर तारा जोडायची भोकांची पाटी, आणि गावाची सगळी बोलणी माझ्या बोटांतून जायची. तार जोडली की आवाज येतो, नाही जोडली की येत नाही, एवढीच माझी श्रद्धा. हे आधीच सांगून ठेवते. पुढचं वाचून कोणी म्हणायला नको की टूरबोर्गचं डोकं फिरलं.

आमच्याकडे काहीही शिकायचं झालं की लोक अभ्यासमंडळ काढतात. विणकाम, पक्षी, इटालियन भाषा, काय वाट्टेल ते. आठवड्यातून एकदा जमायचं, कॉफी प्यायची, जमलं तर थोडं शिकायचं आणि वरच्या संस्थेला हजेरीचा तक्ता पाठवायचा. नियम एकच, शिकवणारी सोडून निदान चार माणसं हवीत. हिवाळ्यात ग्रोहोल्मवर आम्ही सव्वीस जण उरतो. त्यातले संगणक शिकायला तयार झाले तीन.

एक हिल्डिंग. त्र्याहत्तर वर्षांचा, जहाजांना वाट दाखवण्याच्या नोकरीतून सुटलेला, बोलायला लागला की थांबत नाही असा. दुसरी मायकेन. तिने पस्तीस वर्षं बेटाचं पोस्ट चालवलं, आणि आता तिला पत्रं तिकिटाशिवाय कशी जातात ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. तिसरी गुनवोर, माझी शेजारीण.

"चौथा आणायचा कुठून?" मी विचारलं.

"माझा बोकड घाल," हिल्डिंग म्हणाला. "तुम्हा बायकांपेक्षा लवकर शिकेल."

गुनवोर पावाला लोणी लावत होती. मान वर न करता म्हणाली, "एव्हेर्टचं लिही."

एव्हेर्ट तिचा थोरला भाऊ. मार्च अठ्ठावन्नमध्ये समुद्राच्या बर्फावरून चालत किनाऱ्याला निघाला, तो पोचला नाही. तेव्हा गुनवोर सतरा वर्षांची होती.

"अगं, पण..."

"पण काय? त्याला असल्या यंत्रांची हौस होती. आणि तो गेला असं कुठल्या कागदावर आहे? आईने मरेपर्यंत सही केली नाही. मीही केलेली नाही."

मी लिहिलं. एव्हेर्ट, जन्म १९३५. गुनवोरला नाही म्हणणं मला आयुष्यात कधी जमलेलं नाही. का, ते पुढे येईलच.

फेब्रुवारीपासून दर बुधवारी दुपारी एक वाजता आम्ही बसू लागलो. बाहेर समुद्र गोठलेला आणि धुकं थेट काचेला टेकलेलं असायचं. आभाळ कुठे संपतं आणि बर्फ कुठे लागतो ते कळायचं नाही. आत मात्र मजा होती. हिल्डिंग माउस हलवत हलवत टेबलाच्या कडेपर्यंत न्यायचा आणि ओरडायचा, "मास्तरीणबाई, टेबल संपलं!" मायकेन यंत्राशी अदबीने बोलायची. "आता आपण कृपा करून उघडा हं." मोडेम किंचाळायला लागला की सगळे चर्चमध्ये बसल्यासारखे हात मांडीवर घेऊन बसायचे.

"कोणी शेपटीवर पाय दिलाय का त्याच्या?" हिल्डिंग हळूच विचारायचा.

"गप रे. जोडलं जातंय," मी म्हणायचे. तो आवाज मला आवडायचा. दोन केंद्रं एकमेकांची ओळख पटवतात, तसंच ते होतं. वाचनालयात तार एकच असल्यामुळे आम्ही इंटरनेटवर असलो की फोन बंद. बाहेरून कोणालाही लागायचा नाही.

मायकेन दालचिनीचे पाव आणायची आणि पाच कप मांडायची. तक्त्यावर चार नावं आणि पाचवी मी. पोस्टातली बाई ती, यादीप्रमाणेच वागणार. एव्हेर्टच्या कपात ती कॉफीही ओतायची, आणि शेवटी हिल्डिंग ती पिऊन टाकायचा. हजेरीही मी लावायचे, चार नावांपुढे चार खुणा. रिकामी चौकट ठेवली असती तर संस्थेतून पत्र आलं असतं. तक्त्यात ई-मेलच्या पत्त्याचा रकाना होता, म्हणून सगळ्यांची खाती उघडली तेव्हा एव्हेर्टचंही उघडलं. त्याचा गुप्त शब्द गुनवोरने ठरवला आणि फक्त माझ्या कानात सांगितला.

तिसऱ्या बुधवारी मी धडा दिला. आपल्या खिडकीतून काय दिसतं ते दोन ओळींत लिहा आणि सगळ्यांना पाठवा. अर्धा तास बोटं कळा शोधत फिरली. मग मी माझी पेटी उघडली. तीन पत्रं यायला हवी होती. आली होती चार.

हिल्डिंगला धुकं दिसत होतं, मायकेनला धुकं आणि मांजर, गुनवोरला आमच्या घराचं छप्पर. चौथं पत्र एव्हेर्टच्या पत्त्यावरून होतं.

"उजव्या हाताला फांद्या. डावीकडे काही नाही. नऊ मोजल्या."

"हिल्डिंग," मी म्हणाले, "लाज वाटत नाही तुला?"

"आता मी काय केलं?"

त्याने वाचलं आणि त्याचं तोंड उतरलं. हिल्डिंग थापा मारतो, पण तोंड उतरवून दाखवणं त्याला जमत नाही. मायकेनने कप खाली ठेवला. गुनवोर खुर्ची ओढून पुढे आली आणि पडद्यावर बोट ठेवून एकेक शब्द वाचत गेली.

"निघालाय," ती म्हणाली.

फांद्यांचं सांगायला हवं. बर्फ जाड झाला की ग्रोहोल्मपासून किनाऱ्यापर्यंत वाट आखतात. दर पन्नास पावलांवर बर्फाला भोक पाडून सुईसारख्या पानांच्या स्प्रूस झाडाची एक फांदी उभी करायची. धुक्यात किंवा हिमवादळात माणूस एका फांदीपाशी उभा राहतो, पुढची दिसली की चालतो. एकूण एकशे बारा. प्रत्येक घराला आपापला तुकडा वाटून दिलेला असतो, आणि त्या तुकड्यातली पडलेली फांदी त्या घरानेच उभी करायची. दुसरी रीत टेलिफोनची. निघताना पलीकडे एक घंटी, पोचल्यावर घरी तीन. कोणी उचलायचं नाही, फक्त मोजायचं. त्या काळी या घंट्या माझ्या हातून जायच्या. पलीकडच्या केंद्रातली बाई मला सांगायची अमका पोचला, की मी त्याच्या घरी तीनदा वाजवायचे.

एव्हेर्ट गेला त्या संध्याकाळी पाटीवर मीच होते. तो गुनवोरच्या रेडिओसाठी नवा व्हॉल्व्ह आणायला निघाला होता. त्यांची आई दर दहा मिनिटांनी विचारत होती. "आलं का गं टूरबोर्ग काही?" मी दर वेळी म्हणत होते, "नाही काकू, अजून नाही."

पुढच्या बुधवारी एव्हेर्टच्या पत्रात तेवीस होत्या. मी गुप्त शब्द बदलला, कागदावर लिहून खणात टाकला आणि खणाची किल्ली गळ्यात अडकवली. त्याच्या पुढच्या बुधवारी छत्तीस. मी पत्रांच्या वेळा तपासल्या. प्रत्येक पत्र दोन वाजून दहा मिनिटांनी, आमची तार जोडलेली असताना, आमच्याच तारेवरून गेलेलं होतं. आणि दोन वाजून दहा मिनिटांनी आम्ही चौघं माझ्या डोळ्यांदेखत पाव खात होतो. एकदा मी कळफलक उलटा करून झटकला. साखर पडली, चुरा पडला आणि स्प्रूसच्या दोन हिरव्या सुया पडल्या. हिल्डिंग त्या आठवड्यात बर्फावर फांद्या लावत होता, त्याच्या बाहीतून आल्या असतील. मी तसंच धरून चालले.

गुनवोर मात्र फुलत होती. एका बोटाने लिहिणारी बाई चार बोटांवर आली. ती त्याला उत्तरं पाठवायची. "आईचं घर आता पिवळं केलंय." "रेडिओ अजून आहे." "पाय ओले ठेवू नकोस." त्यातल्या कशालाच उत्तर यायचं नाही. यायचा तो फक्त आकडा, आणि कधी एखादं वाक्य. धुकं दाटलंय. पायाखाली पाणी वाजतंय. सत्तेचाळीस. अठ्ठावन्न. तिला तेवढं पुरत होतं. एकदा ती माझा हात दाबून म्हणाली, "अर्ध्याच्या पुढे गेला गं!" मी हात सोडवून घेतला.

कारण मला पुढचे आकडे माहीत होते. एकाहत्तर ते ऐंशी, या दहा फांद्या आमच्या घराच्या.

मला झोप लागेना. डोळा लागला की पाटी दिसायची आणि सगळी भोकं काळी. हजेरीत त्याच्या नावापुढे गैरहजर लिहून टाकावं, खातं बंद करून टाकावं, असं दहादा मनात आलं. एकदा खोडरबर हातात घेतलंही. मग वाटलं, आपण त्याला दुसऱ्यांदा तिथे सोडतोय. ते रबर मी खिशात टाकलं आणि घरी आले.

मार्चच्या शेवटी वारा दक्षिणेकडून सुटला. बर्फ वरून करडा आणि खालून मऊ झाला. हिल्डिंगने वाटेच्या तोंडाशी फळी आडवी ठोकली. वाट बंद. त्या बुधवारी मंडळाचा शेवटून दुसरा वर्ग होता. धुकं इतकं होतं की समोरची सायकलीची टपरीही दिसत नव्हती. मोडेम किंचाळला, तार जुळली. दोन वाजून दहा मिनिटं झाली.

"सत्तर. पुढची दिसत नाही."

आम्ही बघत बसलो. नेहमी एकच पत्र यायचं. त्या दिवशी दुसरं आलं.

"थांबलोय. एकाहत्तरावी दिसत नाही."

गुनवोर उठली. खुंटीवरचा कोट काढून तिने हात घातले.

"कुठे निघालीस?" मायकेन म्हणाली.

"फांदी पडली असेल. लावून येते."

"वेडी आहेस का?" हिल्डिंग दाराकडे धावला. "बर्फ कुजलाय! पन्नास पावलं नाही जायचीस!"

"सरक. एका फांदीसाठी अडलाय तो. चाळीस वर्षं मी इथे नुसती बसून राहिले, हिल्डिंग. आज नाही बसणार."

तिने बूट चढवले. हिल्डिंग दारात आडवा उभा होता, पण ती त्याच्यापेक्षा दणकट आहे, आणि ते दोघांनाही माहीत होतं. मी तिचा चेहरा बघितला. सतरा वर्षांची असताना होता तसाच, तापलेला.

"पडली नाहीये," मी म्हणाले.

कोणी ऐकलं नाही. मी मोठ्याने म्हणाले.

"गुनवोर, पडली नाहीये. मी लावलीच नव्हती."

ती वळली.

मी सगळं सांगितलं. वादळ सोमवारी झालं होतं. बाबांची पाठ धरली होती, म्हणून आमच्या पडलेल्या दहा फांद्या मला उभ्या करायच्या होत्या. मंगळवारी नाच होता. मी एकोणीस वर्षांची होते आणि माझ्याकडे नवा झगा होता. म्हटलं उद्या लावू. बुधवारी दिवसभर कामावर होते, आणि त्याच दिवशी एव्हेर्ट निघाला. गुरुवारी उजाडता उजाडता गेले आणि दहाही लावून आले. शोधायला निघालेल्यांना सगळ्या फांद्या जागच्या जागी दिसल्या, आणि लोक म्हणाले, पोरगा वाट सोडून का गेला कोण जाणे.

मायकेन रडत होती. गुनवोर दारात कोट घालून उभी होती आणि मला तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

"लिही त्याला," ती म्हणाली.

"काय?"

"हेच. जे आत्ता सांगितलंस ते. लिही."

मी लिहायला बसले. आयुष्यात हजारो निरोप दिले होते, पण त्या दिवशी बोटं चालेनात. एव्हेर्ट, मी टूरबोर्ग, टेलिफोनवरची. पुढच्या दहा फांद्या नाहीत. त्या मी लावल्या नाहीत. तू शोधू नकोस.

गुनवोर माझ्या मागे येऊन उभी राहिली. तिच्या कोटाला थंडीचा वास येत होता.

"वारा कुठून होता त्या दिवशी?" तिने हिल्डिंगला विचारलं.

"उत्तरेकडून," तो म्हणाला. "मला आठवतं. मी शोधायला होतो."

"वारा डाव्या गालावर ठेव असं लिही. आणि साडेपाचशे पावलं मोज म्हणावं."

मी लिहिलं. डाव्या गालावर वारा. साडेपाचशे पावलं. एक्याऐंशीवी तिथे आहे.

पाठवलं.

आम्ही बसून राहिलो. कोणी कॉफीला हात लावला नाही. तीन वाजले. साडेतीन वाजले. काचेबाहेरचं धुकं निळं पडू लागलं. तार जोडलेलीच होती, कोपऱ्यात हिरवा दिवा लुकलुकत होता.

मग टेबलावरचा फोन वाजला.

तो वाजू शकत नव्हता. तार गुंतलेली होती. मी दिव्याकडे बघितलं, तो चालूच होता.

मायकेनचा हात पुढे गेला. गुनवोरने तो धरला.

दुसरी घंटी.

मी बोटांवर मोजत होते.

तिसरी.

नंतर चौथी वाजली नाही.

गुनवोर खुर्चीत बसली. कोटाची बटणं एकेक करून सोडली आणि मान खाली घालून रडली, मोठमोठ्याने, लहान मूल रडतं तशी. "पोचला गं आई," ती म्हणत होती. "पोचला." हिल्डिंग तिच्या पाठीवरून हात फिरवत होता. मी हजेरीचा तक्ता पुढे ओढून चारही नावांपुढे खुणा केल्या. दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही.

शेवटच्या वर्गाला एव्हेर्टचं पत्र नव्हतं. मंडळ संपलं आणि संस्थेकडून चार प्रमाणपत्रं आली. गुनवोरने भावाचं चौकटीत घालून रेडिओवर ठेवलंय. तिने पाद्र्याला बोलावून आईने न केलेली सहीही करून टाकली. ती माझ्याशी बोलत नाही असं नाही. कुंपणावरून हवेचं बोलते, मासळीचं बोलते. पण पूर्वी रविवारी सकाळी हाक मारायची, "टूरबोर्ग, कॉफी ठेवलीये, ये!" ती हाक आता येत नाही. मी रविवारी सकाळी स्वयंपाकघरात उगाच जागी बसून असते. माझंच चुकलंय, मी कोणाकडे तक्रार करणार?

मेच्या पहिल्या आठवड्यात बर्फ फुटला आणि दोन दिवसांत समुद्र मोकळा झाला. फांद्या दर वर्षीप्रमाणे वाहून गेल्या. पण माझ्या खिडकीतून मला काही उभ्या दिसल्या. मोजल्या. दहा होत्या, एका रांगेत, सारख्या अंतरावर, उघड्या पाण्यात. वाटलं, कुठल्यातरी तरंगत्या बर्फावर अडकल्या असतील. पण चार दिवस झाले तरी त्या हलल्या नाहीत. लाट यायची आणि फांद्यांच्या अलीकडून पलीकडे निघून जायची.

मी हिल्डिंगला सांगितलं. तो हसला, बोट काढून गेला. मी धक्क्यावरून बघत होते. तो पहिल्या फांदीपाशी थांबला, हात लावला, मग दोर सोडून खोली मोजली. परत आला तेव्हा गप्प होता, आणि हिल्डिंग गप्प असला की भीती वाटते.

"खाली आठ वाव पाणी आहे," तो म्हणाला. "फांदी माझ्या हाताएवढी. आणि ताजी तोडलेली आहे, टूरबोर्ग. चीक लागला हाताला."

तेव्हापासून तो बोट बेटाच्या दुसऱ्या बाजूने काढतो.

गेल्या बुधवारी त्या फांद्या दुसऱ्याच ठिकाणी होत्या. अंतर तेच, रांग तीच. फक्त आता रांग सुरू होते ती माझ्या धक्क्याच्या शेवटच्या फळीपासून, आणि किनाऱ्याकडे नाही, उघड्या समुद्राकडे जाते.

आज दुपारी मी जेवायला बसले होते. उकडलेले बटाटे आणि हेरिंग. फोन वाजला. मी काटा खाली ठेवला आणि जुन्या सवयीने मोजायला लागले.

एकदाच वाजला. निघाल्याची घंटी.

मी बटाटे संपवले, ताट धुऊन पालथं घातलं. धक्क्याकडच्या खिडकीचा पडदा मी अजून उघडलेला नाही.